बाहेर घोडे दिसले की दुनळी बंदूक भोसल्यांची होत नाही

नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक निरोप फिरतोय. दुनळीचे घोडे (चाप ओढला की आपटून बार उडवणारे खटके) बाहेर असतील, नळ्यांवर लाटांसारखी नक्षी असेल, तर ती १८५७ च्या आधीची, भोसल्यांच्या शस्त्रागारातली; तिला लायसन लागत नाही.

आधी घोडे. ते आत लपवणारी अ‍ॅन्सन-डीली या इंग्रज जोडीची रचना १८७५ ची, हे खरं. पण बाहेर घोडे असलेल्या दुनळ्या पार विसाव्या शतकातही बनत होत्या. बघायचं ते हे, की काडतूस मागून बसतं का आणि त्याची टोपी (घोडा जिच्यावर आपटतो ती) बुडाच्या मधोमध आहे का. तशी काडतुसं इंग्लंडात रुळली ती १८६० नंतर. नागपूरचं राज्य तर १८५४ मध्येच खालसा झालं! भोसल्यांची हवी तर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, शोधा.

नळ्यांवरच्या या नक्षीला ‘दमास्कस’ म्हणतात, पण त्या शहराशी संबंध नावापुरता. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळायच्या, सळईभोवती गुंडाळून तापवून ठोकायच्या, की नळी तयार. हे काम बर्मिंगहॅम आणि बेल्जियमच्या लिएजमध्ये विसाव्या शतकापर्यंत चाललं. स्वस्तातल्या साध्या नळीवर नुसती वरवरची नक्षी उठवलेलीही सापडते.

बंदुकीची जन्मपत्रिका असते नळ्यांच्या पोटाखाली: इंग्लंडात नळी तपासून मारलेले शिक्के. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या काकाजींची दुनळी म्हणे ‘राजानं पणजोबाले देल्ली’. नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, पुढचं लाकूड काढलं, नळ्या उतरवल्या आणि रॉकेलच्या फडक्यानं मळ पुसला. शंकरपाळीच्या आकारात १२ (म्हणजे बारा बोअर, नळीचं माप) आणि त्याखाली ‘सी’ हे इंग्रजी अक्षर: हा शिक्का १८८७ पासूनचा. शेजारी ‘नायट्रो प्रूफ’ (बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली), म्हणजे १८९६ च्या अलीकडची. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नाही) असतं तर १८७५ ते १८८७ मधली म्हटली असती. काकाजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शिक्का काही हलला नाही.

राहिलं लायसन, आणि निरोपातला हाच भाग घातक. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ कालबाह्य बनावटीच्या, पुराणमूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं, पण दुरुस्त करूनही बार निघणार नसेल तरच. नुसतं वय पुरत नाही. काकाजींच्या दुनळीचे दोन्ही घोडे खणखणीत चालतात, आणि बारा बोअरची काडतुसं आजही मिळतात. निरोप वाचून त्यांनी यंदा नूतनीकरण करायचंच नाही असं ठरवलं होतं. आता सोमवारी कागद घेऊन जाणार आहेत.