बाबांच्या गोळ्यांचा डबा
बाबांच्या डब्यात रक्तदाबाच्या एका गोळीशेजारी, ओळखीच्या विक्रेत्याने गळ्यात मारलेल्या जीवनसत्त्वांच्या चार रंगीत कॅप्सूल रोज असतात आणि त्यांचा खर्च भागवण्यासाठी ते फळे आणणे टाळतात, हे पाहून माझा जीव तुटतो. अमेरिकेत २५,८७१ जणांवर सुमारे पाच वर्षे चाललेल्या ‘व्हायटल’ चाचणीत ड जीवनसत्त्वाने ना कर्करोगाचे प्रमाण घटले, ना हृदयविकाराचे. रक्ततपासणीत बी-१२ कमी आढळले, तर गोळी घ्यावीच. पण तपासणीच न करता ‘घेतल्याने तोटा तर नाही ना?’ असे हे विक्रेते कोणत्या तोंडाने विचारतात? १९९४ साली फिनलंडमधील चाचणीत बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व बनते ते द्रव्य) घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता, आणि माझे बाबा चाळीस वर्षे विडी ओढत आले आहेत.