मंग माले कुंकू लावशी का?

गेल्या हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात जमलो होतो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजणं चालू होतं आणि आमचा एक मित्र तावातावानं सांगत होता, "भो, आता काही बोलायची सोयच राहिली नाही. लंगड्याला लंगडा म्हणू नका, अमक्याला तमकं म्हणू नका. माणसानं तोंडाला कुलूपच लावायचं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण भूक लागली होती आणि कांद्याची पात चिरायचं काम माझ्याकडे होतं. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

त्याचं अर्धं मला पटतं. आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत माया आणि मान दाखवायची तऱ्हाच वेगळी. आजोबांना "कव्हय उना आबा?", म्हणजे 'कधी आलास आबा?', असं एकेरीत विचारतच मी मोठा झालो, त्यात कुणाला उर्मटपणा दिसला नाही. पुण्याकडची सून घरात आली तेव्हा पहिले चार दिवस ती बिचारी दचकायची. आणि आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया! नदीच्या या काठावरच्या बायका त्या काठावरच्या बायकांना ज्या शिव्या घालतात, त्या इथे लिहिल्या तर फेसबुक माझी पोस्टच उडवेल. दोन दिवसांनी त्याच बायका बाजारात एकमेकींना थांबवून लेकीबाळींची खुशाली विचारतात. त्या शिव्यांचा खेळ दोन्ही काठांना माहीत असतो. कुणीतरी मोबाईलवर त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून गावाबाहेर धाडतो आणि मग "काय हे असभ्य लोक" सुरू होतं.

दुसरं अर्धं मात्र नाही पटत. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पत्ता लिहिताना तो वस्तीचं नाव गाळायचा. नुसतं मु. पो. आणि गाव. का, ते मला फार उशिरा कळलं; वस्तीच्या नावातच त्याची जात होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची असली जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या पारावर काहींना त्यात 'फालतू लाड' दिसले. पत्ता त्यांना लिहायचा नव्हता ना! तसंच नंदुरबारकडच्या माझ्या सहकाऱ्यांचं. ते स्वतःला आदिवासी म्हणवतात, 'वनवासी' त्यांना बोचतं. विषय संपला. ज्याचं नाव, त्याचा हक्क.

शिवाय बोलायची सोय नेमकी कुणाला राहिली नाही? निवडणुकीच्या सभेला जा. "आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात का?" हे वाक्य प्रत्येक पक्षाच्या माईकवरून ऐकू येतं. अशाच एका सभेत पहिल्या रांगेत सरपंचबाई बसल्या होत्या, दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले. टाळ्या पडल्या, त्यांनीही वाजवल्या. बांगड्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला. त्या नेत्याला कुणी हटकलं नाही. हटकलं जातं ते दुसऱ्यांनाच.

विधवांचंच घ्या. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. शासनानंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितला. हे काम झालं. पुढच्याच वर्षी विधवांना 'गंगा भागीरथी' म्हणावं अशी सूचना एका मंत्र्यांच्या पत्रातून आली आणि गदारोळ झाला. पत्रिकेवर 'गं. भा.' छापून आपल्या किती पिढ्या गेल्या, त्यानं कुणाच्या कपाळावर काय उमटलं?

आमच्या गावात ८ मार्चचा कार्यक्रम होता. आधी हळदी-कुंकवाचं ताट फिरलं. आमच्या गल्लीतल्या जिजीच्या खुर्चीपाशी आल्यावर मुलीनं वाणाची प्लास्टिकची वाटी तिच्या हातात दिली आणि कुंकवाचं बोट पुढच्या बाईकडे नेलं. मग मनोगतं. जिजी माईकसमोर उभी राहिली. "मी रांडमुंड बाई. तो गया तव्हय पोऱ्या दोन वरीसना व्हता. पाच बिघा एकली करस." सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम लगबगीनं पुढे आल्या. "आजी, असा शब्द वापरू नये. आपण 'एकल महिला' म्हणतो."

जिजीनं ऐकून घेतलं. "बरं, तेच म्हनसू. मंग माले कुंकू लावशी का?"

मॅडमनी हातातला कागद पाहिला आणि बक्षीस वितरण पुकारलं.

मॅडम वाईट नाहीत, पोरींना सायकली मिळवून द्यायला त्यांनीच खेटे घातले होते. शब्द त्यांना प्रशिक्षणात मिळाला होता, ताटाबद्दल तिथे कुणी बोललं नसावं.

आता आखाजी जवळ आली. जिजी अजूनही काठावर जाते, शिव्यांत तिचा हात धरणारं दोन्ही गावांत कुणी नाही. मित्राला म्हटलंय, या वर्षी ये ऐकायला. मोबाईल घरी ठेव.