जगप्रसिद्ध म्हणजे नेमकं केवढं?

मोनालिसा 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा होतो, कारण पॅरिसला निघालेल्या माणसाला व्हिसापासून पाकीटमारांपर्यंत सगळ्यावर सल्ले मिळतात, चित्राचं माप मात्र कोणी सांगत नाही. ते तिथे जाऊनच कळतं, आणि कळेपर्यंत तोंडून "एवढंसंच?" निघून गेलेलं असतं.

जरा त्रैराशिक मांडू. मोबाइल आपण डोळ्यांपासून साधारण 40 सेंटिमीटरवर धरतो. त्याच्या 7 सेंटिमीटर रुंद पडद्यावर मोनालिसा भरून टाकली, तर ती 10 सेंटिमीटर उंच दिसते. आता लूव्र संग्रहालयात कठड्यापाशी पोचल्यावर चित्र समजा साडेचार मीटर लांब राहिलं, तर डोळ्याला ते दिसणार 40 सेंटिमीटरवर धरलेल्या जेमतेम 7 सेंटिमीटर उंच चित्राएवढं. म्हणजे विमानाचं तिकीट काढून, पायांचे तुकडे पाडून, आपण तिला घरच्यापेक्षा लहान करून बघतो. मध्ये बुलेटप्रूफ काच असते ती वेगळीच.

दालनात शिरल्यावर पट्ट्यांमधून नागमोडी सरकायचं असतं. अर्ध्या वाटेत चित्र दिसू लागतं, पण ते पुढच्याने डोक्यावर धरलेल्या मोबाइलमध्ये. त्याच्याही पुढच्याच्या मोबाइलमध्ये तीच बाई आणखी थोडी लहान. आपला नंबर येतो तेव्हा पहिल्या ओळीतले निम्मे लोक चित्राकडे पाठ करून उभे असतात, सेल्फीत तसंच उभं राहावं लागतं ना! इतक्यात पुढे सरकायचा इशारा होतो. पाचशे वर्षं हसत बसलेली बाई आणि आपण यांची गाठभेट अर्ध्या मिनिटात उरकते, आणि त्यातला बराचसा वेळ फोकस जुळवण्यात जातो.

खरी मजा मागे आहे. मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर वेरोनेजेचं 'काना येथील विवाह' लावलंय. उंची 6.77 मीटर, रुंदी 9.94 मीटर, लूव्रमधलं सगळ्यांत मोठं चित्र. लग्नाची पंगत बसलीय, सव्वाशेच्या वर माणसं आहेत, वादक आहेत, कुत्री आहेत. नेपोलियनच्या सैन्याने 1797 मध्ये ते व्हेनिसहून उचलून आणलं. याच्या मापाबद्दल कोणी हूं की चूं करणार नाही, पण ते बघायला मान वळवावी लागते, आणि रांगेतल्या माणसाला ते सुचत नाही. दालनाबाहेरच्या लांबलचक गॅलरीत खुद्द लिओनार्दोचंच 'व्हर्जिन ऑफ द रॉक्स' आहे, चांगलं दोन मीटर उंच. त्याच्यापुढे हवं तितका वेळ उभे राहा, कोणी हटकत नाही. 1911 मध्ये मोनालिसा चोरीला गेली तेव्हा लोक रांगा लावून तिची रिकामी जागा बघायला आले होते. तिच्या वाट्याला आलेला सगळ्यांत समाधानी प्रेक्षक तोच असावा. काय दिसणार हे आधी ठाऊक होतं आणि बरोबर तेवढंच दिसलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की स्थळं बिचारी फसवत नाहीत. आपण घरून एक फोटो डोक्यात घेऊन निघतो आणि तिथे जाऊन तो फोटो शोधत बसतो. फोटोत माप नसतं, चौकटीबाहेरचं नसतं, महिना नसतो आणि गर्दी नसते. या चार गोष्टी घरबसल्या तपासता येतात. पण आपण तपासतो काय, तर हॉटेलात नाश्ता फुकट आहे की नाही.

मापाचे बळी पुष्कळ आहेत. ब्रसेल्सचा तो सू करणारा मुलगा, मानेकेन पिस, अर्ध्या मीटरहून थोडासाच उंच आहे. बरं, रस्त्यावर उभा आहे ती 1965 पासून प्रतिकृती, अस्सल मूर्ती शहराच्या संग्रहालयात. त्याच्याकडे हजाराहून जास्त पोशाख आहेत, म्हणजे त्याच्यापेक्षा त्याचं कपाट मोठं. कोपनहेगनची जलपरी सव्वा मीटरची. 1964 मध्ये कोणीतरी तिचं डोकं कापून नेलं, आणि 2010 मध्ये ती शांघायच्या जागतिक प्रदर्शनाला गेली होती. त्या काळात कोपनहेगनला पोचलेल्यांना "एवढीशीच?" म्हणायचीही सोय राहिली नाही. उलटा मासला म्हणजे व्हॅटिकनचं सेंट पीटर्स. तिथे सगळंच इतक्या मोठ्या प्रमाणात आहे की काहीच मोठं वाटत नाही. पवित्र पाण्याच्या पात्रांना धरून असलेली गोंडस बाळं लांबून गोंडसच दिसतात. जवळ जाऊन शेजारी उभं राहिलं की कळतं, बाळ आपल्यापेक्षा उंच आहे.

चौकटीबाहेरचं प्रकरण जास्त गंभीर. गिझाचे पिरॅमिड फोटोत अथांग वाळवंटात एकटे उभे असतात. वाळवंट आहे, नाही असं नाही, पण ते एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शहर अगदी येऊन टेकलंय. फोटो काढणारा शहराकडे पाठ करतो, एवढंच. इंग्लंडातल्या स्टोनहेंजजवळून ए 303 हा महामार्ग जातो. तिकीटघरापासून दगड जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, तिथवर बस. पुढे आखलेल्या वाटेने दगडांभोवती फिरायचं, आत शिरायचं नाही. दगडांमध्ये उभं राहायचं तर नेहमीच्या वेळेआधी किंवा नंतरचं खास तिकीट फार आधी काढून ठेवावं लागतं. महामार्गावर गाड्या तुंबल्या की त्यातल्या लोकांना तेच दगड फुकट आणि बसल्या जागी दिसतात, वर ते वैतागलेले असतात.

पिरॅमिडच्या आत जायचं का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. गुडघे ठीक असतील तर जा, पण काय वाढून ठेवलंय ते ऐका. बाहेरून आपण शिरतो ते पूर्वी खोदून पाडलेल्या भुयारातून. मग सुमारे 39 मीटर लांबीची चढण लागते, आणि तिची उंची असते साधारण 1.2 मीटर. कॉटखाली गेलेलं नाणं शोधताना जी पोझ घेतो, तीत चढायचं. वाट एकच असल्यामुळे समोरून उतरणारे लोकही त्याच पोझमध्ये येतात, आणि दोन वाकलेल्या माणसांनी एकमेकांना ओलांडायचं कसं याचं तंत्र फॅरोने लिहून ठेवलेलं नाही. आतली हवा कोंदट आणि दमट, बरीचशी आपल्या आधी आलेल्यांनी सोडलेली. मग एकदम छत साडेआठ मीटर वर जातं, ती ग्रँड गॅलरी. इथे माणूस सरळ होतो, पाठीचा मणका मनोभावे कुरकुरतो, आणि खरं बघण्यासारखं हेच आहे. पण लोक थांबत नाहीत, कारण 'राजाची खोली' पुढे असते. त्या खोलीत ग्रॅनाइटच्या भिंती, झाकण नसलेली एक रिकामी दगडी पेटी, बाकी एक चित्र नाही की एक अक्षर नाही. रंगीत भिंतींची हौस असेल तर ती लक्सरच्या थडग्यांमध्ये भागते. गिझाला ती अपेक्षा घेऊन जाणं म्हणजे चुकीच्या दारावर टकटक करणं.

आता महिना. यात धबधबे पहिले गुन्हेगार. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा सुमारे 1.7 किलोमीटर रुंद आणि 108 मीटर उंच आहे, आणि एप्रिलच्या सुमारास त्याला इतकं पाणी असतं की तुषारांमुळे धबधबाच दिसत नाही. आपण रेनकोटात चिंब होऊन एका गर्जणाऱ्या पांढऱ्या ढगाकडे बघत राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा स्वच्छ आणि कडा नीट दिसतो, पण झांबियाच्या बाजूला पाणीच जवळपास संपलेलं असतं. त्या दिवसांत झिम्बाब्वेच्या बाजूने बघावं, तिथे धार टिकून राहते. मधले, जून ते ऑगस्टचे महिने दोन्ही बाजूंनी समजूतदार.

नायगराचं तर चक्क वेळापत्रक आहे. वीजनिर्मितीसाठी वरच्या वर पाणी वळवलं जातं, आणि 1950 च्या अमेरिका-कॅनडा करारात लिहिलंय की पर्यटनाच्या वेळेत कड्यावरून सेकंदाला किमान 2,832 घनमीटर पाणी सोडायचं, आणि एरवी, म्हणजे रात्री आणि हिवाळ्यात, किमान त्याच्या निम्मं. एप्रिल ते मध्य सप्टेंबर ही वेळ सकाळी आठ ते रात्री दहा, त्यानंतर ऑक्टोबरअखेरपर्यंत रात्री आठ. निसर्गाचं रौद्र रूप म्हणून आपण ज्याच्यापुढे नतमस्तक होतो, ते ड्यूटीवर असतं. तरीही सांगतो, ड्यूटीवरचा नायगरा पैसे वसूल करतो.

बोलिव्हियाच्या उयुनी मिठागरातला आरसा पावसाळ्यातला, साधारण जानेवारी ते मार्च. एरवी पांढरं, कोरडं, भेगाळलेलं मीठ, तेही सुंदर, पण त्यात तुमचं प्रतिबिंब नाही. बालीच्या लेम्पुयांग मंदिरातलं प्रतिबिंब मात्र बारमाही, कारण तिथे पाणी मुळात नाहीच. कॅमेऱ्याच्या खाली एक छोटा आरसा आडवा धरला की दरवाजा उलटा उमटतो आणि तळं तयार. नंबर घ्यायचा, तासन् तास बसायचं, नाव पुकारलं की उभं राहायचं, दोन पोझ, पुढचा! ध्रुवीय प्रकाशाचंही तसंच, फक्त तिथे लबाडी आपल्या डोळ्यांची. अंधारात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून हिरवा साठवतो, आपल्याला मंद प्रकाशात दिसतो एक राखाडी पट्टा. प्रकाश जोरदार असला तर हिरवा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो, पण त्याचं आरक्षण होत नाही.

दिशाही बघून घ्यावी. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. पहाटे डाव्या तळ्याकाठी खांद्याला खांदा लावून जे दिसतं ती काळी आकृती, मंदिराचा दर्शनी भाग नव्हे. आकृती हवी तर पहाटे उठा, दगड बघायचे तर दुपार कलल्यावर या. जॉर्डनमधल्या पेट्राची ट्रेझरी, म्हणजे कड्यात कोरलेली ती खांबांची दर्शनी भिंत, याच्या उलट. ती पूर्वेला तोंड करून, तिला सकाळचं ऊन.

आयफेलबद्दल थोडक्यात. वर गेलं की पॅरिस दिसतं, फक्त त्यात आयफेल दिसत नाही, आणि तेच बघायला आपण आलेलो असतो. आधी सुरक्षातपासणीची रांग, मग लिफ्टची, मग दुसऱ्या मजल्यावर टोकाच्या लिफ्टची, आणि उतरताना पुन्हा. दुसरा मजला 116 मीटरवर आहे. तिथून इमारती ओळखू येतात, 276 मीटरवरून पॅरिसचा नकाशा होतो. माझं मत दुसऱ्या मजल्याला. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला मनोरा पाच मिनिटं लुकलुकतो, तो खालूनच छान दिसतो आणि त्याला तिकीट नाही.

मग फोटोला पुरून उरणारं काही आहे की नाही? आहे. पेट्राला ट्रेझरीआधी सव्वा किलोमीटरच्या सिक नावाच्या घळीतून चालावं लागतं. दोन्ही बाजूंना कडे, वर आभाळाची चिरोटी, आणि शेवटच्या वळणावर फटीतून गुलाबी खांबांची एक उभी पट्टी दिसते. आख्खी दर्शनी भिंत दिसेपर्यंत माणूस आपोआप हळू झालेला असतो. ताजमहालाचंही गमक तिथल्या मोठ्या दरवाजात आहे. त्या कमानीच्या अंधारात ताज आधी चौकटीत दिसतो, मग मोकळा होतो. तिथे चार पावलं मागे-पुढे करून बघा. फक्त शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी ताज बंद असतो, जसं लूव्र मंगळवारी. ग्रँड कॅन्यनला तर कोणताच फोटो पुरा पडत नाही. दीड किलोमीटरहून खोल, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद अशी दरी चौकटीत घातली की तिचा सपाट गालिचा होतो. काठावर उभं राहिलेल्या माणसाचा मोबाइल काही वेळाने आपणहून खाली येतो. हीच माझी परीक्षा.

परत आल्यावर "कसं होतं?" या प्रश्नाला उत्तर एकच ठरलेलं असतं, "अप्रतिम!" इतका खर्च करून "ठीक होतं" म्हणायची कोणाची छाती नाही. हे "अप्रतिम" ऐकून पुढचा तिकीट काढतो, आणि साखळी चालू राहते. त्यामुळे मला कोणी विचारलं की व्हिक्टोरिया धबधबा बघण्यासारखा आहे का, तर मी उलट विचारतो, "कोणत्या महिन्यात जाताय, आणि कोणत्या देशातून बघणार?" समोरच्याला वाटतं, या माणसाने तो बघितलेलाच दिसत नाही.