सगळे वारस हजर आहेत?

सिनेमातला बाप चिडला की मुलाला म्हणतो, "इस्टेटीतली एक कवडी मिळणार नाही तुला!" गोव्यात हा संवाद चालत नाही. इथला मुलगा भातावर हुमण ओढत शांतपणे म्हणेल, "बाबा, तेवढं तुमच्या हातात नाही." कायदाच तसा आहे. निम्मी मिळकत मुळात बायकोची. उरलेल्या निम्म्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. बाकीचा मुलांचा, आणि मुलांमध्ये मुलीही आल्या, सारख्या वाट्याने. मुलगा अगदी जिवावर उठला तर गोष्ट वेगळी. एरवी चिडलेल्या गोमंतकीय बापाकडे धमकी द्यायला रुपयातले फार तर चार आणे उरतात.

हे 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचं देणं. खुद्द पोर्तुगालने 1966 साली नवी संहिता केली, पण तोवर आम्हाला मुक्त होऊन पाचेक वर्षं झाली होती, त्यामुळे जुनी आमच्याकडेच राहिली. वारसा नि वाटणीचा भाग आता गोव्याच्या 2012च्या स्वतःच्या कायद्यात आहे, आणि तो लागू झाला 2016च्या डिसेंबरात. कायद्यालाच दारातून आत यायला इतका वेळ लागला, तर आमच्या आजोबांच्या मिळकतीने का घाई करावी?

आजोबांचं घर फोंड्याच्या बाजूला, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग. आजोबा गेले, आजी गेली, घरपट्टीची पावती मात्र आजोबांच्याच नावाने येत राहिली आणि बाबा ती मुकाट्याने भरत राहिले. मग धाकट्या आत्याच्या मुलाला कर्ज हवं झालं, बँकेने कागद मागितले, आणि घरात तो शब्द उच्चारला गेला: इन्व्हेंटरी. म्हणजे वारसांची नि मालमत्तेची यादी करून कोर्टातून होणारी वाटणी.

मुंबईच्या चुलतबहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "तुमचं बरं आहे रे, तुम्हाला प्रोबेट नाही." काकांनी दादरच्या जागेचं मृत्युपत्र केलं होतं आणि तेव्हा मुंबईतल्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं होतं. अर्ज, वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहिरात, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. कोर्ट फी जास्तीत जास्त 75,000 रुपये, वकील निराळा. कुणी हरकत घेतली की त्याचा रीतसर दावा होतो. एवढं करून कोर्ट सांगतं काय, तर हे मृत्युपत्र खरं आहे. जागा खरोखर काकांचीच होती का, हे त्यात ठरतच नाही! पण एकदा शिक्का बसला की सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा गप्प बसतो, आणि मुंबईत ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्याकडे मृत्युपत्रच नव्हतं. आजोबांचा कागदावर विश्वास नव्हता. त्यांनी प्रत्येक मुलाला निरनिराळ्या चवथीला निरनिराळं तोंडी आश्वासन दिलं होतं.

इन्व्हेंटरीत आधी कुटुंबाचा कारभारी ठरतो, त्याला काबेस-द-काझाल म्हणतात. बाबा थोरले, म्हणून ते. त्यांनी शपथेवर सांगायचं की कोण कधी वारलं, मागे कोण कोण आहे, मालमत्ता काय काय आहे. ही पदवी मिळाल्यापासून बाबा घरात जरा ताठ चालू लागले. आईने एकदा विचारलं, "काबेस, नारळ सोलून देता का?" तेव्हा कुठे मान खाली आली.

खरी गंमत वारसांच्या यादीत आहे. नुसते वारस पुरत नाहीत, त्यांचे नवरे-बायकाही लागतात, कारण लग्नाबरोबर मालमत्तेत भागी येते. बाबा, दोन आत्या, वारलेल्या काकांची मुलं, एक तर लिस्बनला, आणि या सगळ्यांचे जोडीदार. थोरल्या आत्याचे यजमान आमच्या घराची पायरी चढायचे बंद होऊन जमाना लोटला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र ते बाबांच्या शेजारी एकाच बाकावर बसले. काही वेळ दोघेही पंख्याकडे पाहत होते. मग बांगड्याचा भाव निघाला आणि बोलणं सुरू झालं. सोयरिकीत जे कुणाला जमलं नव्हतं ते समन्सने केलं. पण त्यातलं एक माणूस आलं नाही की तारीख पुढे. लिस्बनवाल्याचा मुखत्यारनामा एका शिक्क्यासाठी अडला, तेव्हा आम्ही सगळे केवळ एकमेकांची तोंडं पाहायला जमल्यासारखे जमलो, चहा प्यायलो आणि घरी आलो. कुणालाच गाळता येत नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा, असं वकील सांगतात. आम्ही तोच तोटा म्हणून भोगत होतो.

कागदांचं तर विचारू नका. आजोबांचं नाव जन्मनोंदीत एक, लग्नाच्या नोंदीत दुसरं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात तिसरं. ज्या लिपिकाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. हे तिघेही एकच गृहस्थ होते असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. जुनं खरेदीखत पोर्तुगीजमध्ये. ते वाचून तर्जुमा करून देणारे एक वयस्कर गृहस्थ सापडले. त्यांच्या ओसरीवर आमच्याआधी निम्मा तालुका बसलेला होता.

मग आला लिलाव. वारसांनी आपसात बोली लावायची. जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू, आणि आपल्या वाट्याच्या वर गेलं तर इतरांना रोख भरपाई. घर बाबांनी घेतलं, त्यावर कुणी फार ताणलं नाही. कुळागर थोडं रंगलं. पण खरी लढाई पेटली ती तांब्याच्या भाणावर. न्हाणीतलं पाणी तापवायचं ते जुनं भाण बाबांनी प्रामाणिकपणाच्या भरात यादीत घातलं होतं. धाकट्या आत्याने पहिली बोली लावली. थोरली म्हणाली, "आईनं ते मला देते म्हटलं होतं," आणि वर गेली. धाकटी आणखी वर. थोरल्या आत्याचे यजमान खालून पदर ओढतायत, वकील घड्याळ पाहतायत, आणि आकडा नव्या गिझरच्या किमतीला मागे टाकून, प्लंबरच्या मजुरीसकट, पुढे निघाला. कुळागराच्या बोलीला जांभया देणारा शिपाईसुद्धा दारात येऊन उभा राहिला. भाण धाकटीला गेलं. थोरलीने भरपाईतला आपला हिस्सा मोजून घेतला आणि मगच डोळे पुसले.

शेवटी वाटणीचा तक्ता झाला, निकाल झाला, नावं चढली. आता बाबांना कुणी विचारू शकत नाही की या घरात तुम्ही कोण, आणि आत्याच्या मुलाला कर्जही मिळालं. एवढ्यासाठी मी ही पद्धत चांगली म्हणेन, आणि पुन्हा तिच्यातून जाण्याआधी संन्यास घेईन.

धाकटी आत्या मडगावात तिसऱ्या मजल्यावर राहते. तिथे ना न्हाणी, ना चूल, आणि भाण लिफ्टमध्ये मावेना. तेव्हा ते आमच्याच न्हाणीत, होतं तिथेच आहे. चवथीला आली की ती आधी त्याच्या बुडाला बोट लावून काजळी ताजी आहे का ते पाहते, आणि असली तर बाबांकडे वापराचं भाडं मागते. बाबा म्हणतात, जागेचं भाडं वजा कर. परवा तिच्या लेकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, पुढच्या यादीत हे आमच्या बाजूला लिहायचं की तुमच्या?"