प्रपोझिशन 25 : अधिकार आधी कुणाकडे होता?

2020 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात प्रपोझिशन 25 वर मतदान झालं. पैसे भरून मिळणारा जामीन बंद करायचा आणि आरोपीला सोडण्यात धोका किती, हे संगणकाच्या गुणांवरून जोखून सुटका ठरवायची, असा तो कायदा. त्याला मी 'हो' म्हणा असं लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की जामिनाचा हक्क मोडीत काढून माणसाची सुटका मी कोर्टाच्या कारकुनांच्या आणि संगणकाच्या हाती द्यायला निघालो होतो.

बरं, तेव्हा ती कुणाच्या हाती होती? प्रत्येक काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, न्यायाधीश जामिनाचं दरपत्रक ठरवत. अमुक कलमाला तमुक डॉलर. अटक झाली की त्यात बघून आकडा सांगायचा, समोरचा माणूस कोण याची चौकशी नव्हती. पैसे नसले तर बेल एजंट गाठा, म्हणजे फी घेऊन जामिनाची हमी देणारा. त्याची फी साधारण 10 टक्के, आणि खटला उभा राहिला नाही तरी ती गेली ती गेलीच. आपल्याकडे जामीनदार म्हणजे ओळखीपाळखीचा माणूस. इथे तो धंदा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा हम्फ्री खटला बघा. आरोप वृद्ध शेजाऱ्याला घरात घुसून लुबाडल्याचा, म्हणजे साधा नव्हे. पण गेलं काय, तर 7 डॉलर आणि कोलोनची बाटली. जामीन 3,50,000 डॉलर, तोही सहा लाखांवरून खाली आणलेला! एजंटला द्यायचे म्हटले तरी 35,000. याला तुम्ही हक्क म्हणता?

प्रपोझिशन 25 मंजूर होतं तर किरकोळ गुन्ह्यात बहुतेकांची 12 तासांत सुटका झाली असती. बाकीच्यांचा धोका कोर्टाचे अधिकारी संगणकाच्या गुणांवरून जोखणार होते, पण धोका जास्त दिसला तर सोडायचा अधिकार त्यांना नव्हता, तिथे न्यायाधीशच.

संगणकाबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, तिथल्या पोरांच्या नावावर नोंदीही जास्त, आणि गुण त्याच नोंदींवरून पडतात. म्हणून तर ह्यूमन राइट्स वॉचसारखी मानवी हक्कांची संघटना या कायद्याच्या विरोधात बेल एजंटांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सुमारे 56 टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं, विषय संपला.

संपला कुठे? मार्च 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हम्फ्री खटल्यातच सांगितलं, की निव्वळ पैसे नाहीत म्हणून कुणाला डांबता येणार नाही. ऑक्टोबर 2023 पासून लॉस एंजेलिसच्या कोर्टाने बहुतेक किरकोळ, अहिंसक गुन्ह्यांना डॉलरचा आकडा लावणंच बंद केलं. गंभीर प्रकरणं मॅजिस्ट्रेट तपासतो. हे न्यायाधीशांनी आपल्या अधिकारात केलं, मतदान न घेता. त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?