चौदा चाकू आणि एक बाटली

माझ्या संग्रहात आजमितीस खिशात मावणारे, घडीचे चौदा चाकू आहेत आणि त्यांतील प्रत्येकाला बाटलीचे बूच उघडण्याची सोय आहे. नौपाड्यातील आमच्या घरात हे वैभव बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात नांदते. अशा डब्यात सुई-दोरा असणार या समजुतीने तो उघडणारे पाहुणे नंतर चहा जरा घाईनेच संपवतात.

या छंदाची खरी अडचण अशी, की उघडायला बाटलीच मिळत नाही. पाण्याच्या बाटलीला फिरकीचे झाकण, शीतपेयाच्या डब्याला ओढायची कडी, आणि कोकम सरबत घरचेच. तलावपाळीवर मोठ्या आशेने गेलो, तर तिथे गोळी सोडा. हायरम कॉड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने काचेची गोळी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि सोडेवाल्याने दट्ट्या दाबला की खाली जाते. म्हणजे माझ्या जन्मापूर्वी कित्येक वर्षे या माणसाने माझा छंद निकालात काढून ठेवला होता. सुदैवाने १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याचे दातेरी बूच आणले आणि ओपनरला पोटापाण्याचा उद्योग मिळाला. या बुचाला २१ दाते असतात असे मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे; मोजण्याचा योग मात्र आला नव्हता.

स्विस सैन्याच्या चाकूची कथा मी घरात अनेकदा सांगितली आहे. शिपायांना मिळालेल्या पहिल्या चाकूत पाते, टोचा, डबा उघडण्याचे अवजार आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस होता. १८९७ साली कार्ल एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी जो चाकू काढला, त्यात वाइनचे बूच उपसणारा मळसूत्री स्क्रू आला. बाटलीचा ओपनर तर पुढे कित्येक दशकांनी बसला. हे ऐकून सौ. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे शिपायाला डबा आणि साहेबाला बाटली. इतके समजायला चौदा चाकू लागले?"

बाहेरही मान नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या एका मॉलच्या दारात यंत्र केकाटले, तेव्हा मी सुरक्षारक्षकाला समजावले, "हा मुळात ओपनर आहे हो." त्याने शांतपणे विचारले, "मग पाते कशाला, काका?" या प्रश्नाचे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

अखेर गेल्या जुलैत तो दिवस उगवला. भावोजींनी कुठूनशा काचेच्या, दातेरी बुचाच्या, लिंबू सोड्याच्या सहा बाटल्या आणल्या. मी डबा घेऊन बैठकीच्या मध्यभागी बसलो. पहिल्या चाकूची कमान इतकी कडक निघाली की नखखाचेत घातलेले नखच तुटले. दुसरा लाकडी मुठीचा; ठाण्याच्या पावसात मूठ फुगून पाते आत रुतलेले. मूठ टेबलावर आपटल्यास पाते बाहेर येते हे मला ठाऊक होते, म्हणून आपटली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करून सर्व ठीक आहे ना, असे विचारले. तिसऱ्याच्या साध्या पोलादी पात्यावर गंज चढला होता, आणि बूच उघडताना पात्याचा संबंध येत नाही हे पटवून देण्यात पाच मिनिटे गेली. चौथ्या चाकूचा ओपनर उघडला. त्याचे नाक बुचावर टेकवायचे, आकडी दात्यांखाली अडकवायची आणि चाकू वर उचलायचा, अशी तरफेची क्रिया मी मुलांना सावकाश समजावत होतो.

तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून आली. तिने बाटलीचा गळा मुठीत धरला, तर्जनीच्या पेरावर चमच्याचा दांडा टेकवून टोक बुचाखाली घातले आणि सहाही बाटल्या, टक् टक् टक्, मोकळ्या केल्या. "तुझे चालू दे हं, बाळा," असेही ती प्रेमाने म्हणाली.

मी जमिनीवरचे एक बूच उचलून दाते मोजले. एकवीसच भरले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, आणि मान वर केली तेव्हा माझ्या वाटणीची बाटली भाच्याने संपवलेली होती.