कितला व्हयना?

20 नोव्हेंबरची रात्र, साडेदहा वाजलेले. हिशेबानं माझे 33,340 शब्द व्हायला हवे होते. झाले होते 11,300. राहिलेले 38,700 दहा दिवसांत उरकायचे, म्हणजे रोज 3,870. मी अमळनेरला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे हिशेब मला चटकन येतो. कादंबरी येत नाही, एवढीच अडचण आहे.

पैज अशी, की नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहून काढायची. रोजचे 1,667. ही टूम मुळात अमेरिकेतली. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बेटी नावाच्या गृहस्थानं ती काढली, तेव्हा सगळे मिळून एकवीस जण होते. पहिल्या खेपेला त्यांनी जुलैत लिहिलं. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर धरला, कारण तिकडे नोव्हेंबरची हवा वाईट. बाहेर पडवत नाही, मग माणूस मुकाट्यानं घरात लिहीत बसतो. पुढे त्याची मोठी संस्था झाली आणि 2025 च्या मार्चअखेर ती बंद होत असल्याचंही जाहीर झालं. संस्था गेली, पैज मागे राहिली. ती आम्ही चार मास्तरांनी दिवाळीच्या सुटीत चहाच्या टपरीवर उचलली. चहा मी पाजला होता, म्हणून पुढारीपणही माझ्याकडेच आलं.

हवेचा मुद्दा ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. खानदेशात माणूस घरात बसतो तो मे महिन्यात. पारा पंचेचाळिसाला टेकला, की दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. मे महिन्यात सांगितलं असतं तर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या असत्या. नोव्हेंबर हा तर आमचा घराबाहेर पडायचा महिना! सकाळी गारवा, कपाशी फुटलेली, आणि बाजारात हिरवी लांबट वांगी आलेली.

पहिला खड्डा पडला तो वांग्यांनीच. शनिवारी मळ्यात भरीत होतं. मी लॅपटॉप सोबत नेला होता, हे नमूद करतो. नेला आणि बाजेवर ठेवला. तेवढ्यात कुणी तरी म्हणालं, ‘‘सर, जरा वांगी फिरवा.’’ कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केलेला, त्यावर वांगी. साल काळं पडून तडकतं, आत रस चुरचुरतो, आणि धूर बरोबर फिरवणाऱ्याच्याच डोळ्यात जातो. मग साल काढून, भाजलेल्या हिरव्या मिरच्या घालून ते लाकडी भांड्यात ठेचायचं. वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. तेल किती, यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी मी चार मोजल्या, पुढचं मोजणं सोडलं. अशा जेवणानंतर आडवं होता येतं. नायकाच्या मनातलं द्वंद्व रंगवता येत नाही. शनिवार शून्य. रविवारीही शून्य, कारण शनिवार.

मग तुळशीचं लग्न आटोपल्यावर माणसांची लग्नं लागली. भाऊबंदकीतलं लग्न चुकवणं म्हणजे पुढची वीस वर्षं ऐकून घेणं. त्यात मधेच निवडणुकीचं प्रशिक्षण आलं. 12 तारखेला मी 6,140 वर होतो. तेव्हा रोज 2,437 लिहून भागणार होतं. मुलांना काळ-काम-वेगाची गणितं घालताना मी किती निष्ठुर होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या पुस्तकातले ते मजूर कधी लग्नाला जात नाहीत.

बायको म्हणाली, ‘‘अहो, साने गुरुजी आपल्या अमळनेरलाच मास्तर होते ना? त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली.’’ खरं आहे. 1933 च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. पण नाशिकच्या तुरुंगात! तुरुंगात लग्नपत्रिका घेऊन कुणी येत नाही, हे मी तिच्या निदर्शनास आणलं. ती म्हणाली, ‘‘मग बहिणाबाई? शेतात राबून, जात्यावर बसून केलं ना सगळं?’’ त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे शब्द मोजायची पाळी आली नाही, असं मी बोललो, आणि तो दिवस भाजीत मीठ कमी असण्याचा ठरला.

तर 20 तारखेच्या रात्री मी चूक शोधायला बसलो आणि सापडली. चूक मराठी भाषेची होती. ही पैज इंग्रजीवाल्यांनी त्यांच्या सोयीनं बेतलेली. आपण ‘घरातल्यांनासुद्धा’ म्हणतो, मोजणी होते एक. इंग्रजीत एवढंच म्हणायला सहा शब्द लागतात. म्हणजे मी घाम गाळून एक टाकतो तिथे तो अमेरिकन सहा टाकून मोकळा. आपले प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं, सगळी शब्दाला गोचिडासारखी चिकटून बसतात आणि लॅपटॉप फक्त मोकळी जागा ओळखतो. मी विचार केला, मोकळी जागाच द्यायची ना? दिली. ‘घरा तल्यां ना सुद्धा.’ चार झाले! मग हात थांबेचना. ‘झाडा खाली.’ ‘त्या च्या मुळे.’ शुद्धलेखनाला दहापैकी दोन देणारा मी, रात्री एक वाजता शब्दांची हाडं मोडत बसलो होतो.

पुढच्या युक्त्या आपोआप सुचल्या. नायक आधी नुसता दगडू होता, तो प्रत्येक वाक्यात आडनावासकट आणि बापाच्या नावासकट येऊ लागला. गाडी ‘3,870 रुपयांना’ विकली जायची, ती अक्षरी रकमेत विकली गेली. नायिकेच्या लग्नात जेवणाची पूर्ण यादी आली. आणि एका हळव्या प्रसंगी, दगडूची आई मरणशय्येवर असताना, तिनं भरिताची कृती सांगितली. साडेसहाशे शब्द. वांगी निवडण्यापासून. म्हातारी तेवढा वेळ तग धरून राहिली, हे तिचे उपकार.

27 तारखेला आकडा 26,900 वर गेला आणि मी छाती काढून फिरू लागलो.

त्याच संध्याकाळी नाना आले. नाना माझे चुलते. घरची दहा एकर कपाशी, शिवाय आयुष्यभर कापसाची खरेदी-विक्री. वेचणीच्या बाया संध्याकाळी गाठोडी घेऊन काट्यापाशी येतात, मजुरी किलोवर असते, आणि नाना प्रत्येकीला आमच्या अहिराणीत एकच विचारतात, ‘‘कितला व्हयना?’’ म्हणजे, किती झालं? माझ्या उद्योगाचं त्यांना कुणी तरी सांगितलं असावं. टोपी काढून खुर्चीवर बसले आणि मलाही तेच विचारलं, ‘‘भाऊ, कितला व्हयना?’’

‘‘सव्वीस हजार नऊशे, नाना.’’

‘‘दाखाड.’’

मी लॅपटॉप पुढे केला. नानांनी चष्मा लावला. ते कापूस पाहतात तसंच वाचतात, वरचा थर सोडून. वरचा थर सगळे चांगलाच ठेवतात. त्यांनी बोटानं पान खाली सरकवलं, थेट म्हातारीच्या मरणापाशी. बराच वेळ वाचलं. मधेच एकदा ओठ हलले, बहुधा मिरच्या मोजत होते. मग चष्मा काढून पुसला.

‘‘माल बरा शे,’’ ते म्हणाले. ‘‘पन वल्ला शे, भाऊ.’’

कापसाचं गणित मला ठाऊक आहे. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे बारापर्यंत टक्क्याटक्क्याला कपात. बाराच्या वर गेला, की गाडी परत. रात्री कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे नानांनी उभ्या जन्मात खूप पाहिले, आणि मुठीत कापूस दाबला की त्यांना कळतं. यंत्र नंतर लागतं.

‘‘आठना वर शे का, नाना?’’ मी हळूच विचारलं.

‘‘बाराना वर.’’

चहा पिऊन ते गेले. जाताना बायकोला म्हणाले, की भरितात शेंगदाणे म्हातारीनं जास्त सांगितले.

रात्री बसलो. ‘झाडा खाली’ जोडलं. ‘त्या च्या मुळे’ जोडलं. दगडूचं आडनाव कापलं, मग बाप कापला. लग्नातली जेवणाची यादी गेली. जिलबीवर जीव होता, पण गेली. भरिताची कृती मात्र मी दोनदा निवडून दोनदा सोडून दिली. पहाटे चारला आकडा 19,250 होता. तीन दिवसांत 30,750, रोज 10,250. एवढं मी वर्षभरात फळ्यावरही लिहीत नाही.

30 तारखेला रविवार होता. शेजारी मांडव होता, मी गेलो नाही. दिवसभर लिहिलं. दिवे लागणीला फोन वाजला. मागून काट्याचा आवाज आणि बायांचा गलका येत होता.

‘‘भाऊ, कितला व्हयना?’’

‘‘एकवीस हजार चारशे, नाना,’’ मी म्हणालो. ‘‘सुक्का.’’